काटेकोरांटीच्या रिव्हॉल्व्हरची नळी

साडेसात इंच

माझी बायको विधवा आहे. मी जिवंत आहे, डावा गुडघा सोडला तर तब्येतही बरी आहे. पण ती विधवा आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ब्लंट क्रीक गावाबाहेरच्या माळावर कर्ण्यातून पुकारा होतो, "पुढची नेमबाज, विधवा काटेकोरांटी!" आणि मी, तिचा नवरा, टाळ्या वाजवतो.

यात हळहळण्यासारखं काही नाही. आमचा क्लब जुन्या पद्धतीच्या नेमबाजीचा आहे. पणजोबांच्या काळातले कपडे घालायचे, त्याच काळातल्या घडणीचं रिव्हॉल्व्हर वापरायचं आणि प्रत्येकाने एक टोपणनाव घ्यायचं. मैदानावर कुणी कुणाला खऱ्या नावाने हाक मारली तर त्याने दुपारी सगळ्यांना बीन्स वाढायचे आणि भांडंही घासायचं. बीन्सचं भांडं घासायची धास्ती इतकी, की आम्ही एकमेकांना गावातही टोपणनावानेच हाक मारतो. पोस्टात, दुकानात, चर्चच्या तळघरात, एकदा तर प्रेतयात्रेतही.

माझं टोपणनाव थंड कॉफी. मी नेम धरत नाही. मी मोजतो. नेमबाज उभा राहिला की तिघे जण मागे उभे राहून किती गोळ्या चुकल्या ते मोजतात, आणि तिघांतल्या दोघांचं जुळेल तो आकडा खरा धरतात. लक्ष हलवायचं नसतं, म्हणून हातातला कप तसाच राहतो. एरवी मी गारपिटीच्या विम्याचा पाहणी अधिकारी. वायोमिंगच्या या कोपऱ्यात गारा पडल्या की शेतात उभं राहून किती टक्के गहू झोपला ते ठरवायचं. शेतकरी म्हणतो सगळा, कंपनी म्हणते काहीच नाही. मधलं जे खरं असतं ते मी लिहितो आणि दोघांच्याही शिव्या खातो. खरं नाव ऑरिन लिंडक्विस्ट. ते लक्षात ठेवा. पुढे एका ठिकाणी मलाच ते आठवायला हवं होतं.

बायकोचं खरं नाव वर्ना. तिने उभी हयात शाळेची बस चालवली, बर्फातून, वाऱ्यातून, मागच्या सीटवर चाललेल्या मारामाऱ्यांतून. तिच्याकडे तिच्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर आहे. त्यात चाप नुसता ओढून भागत नाही. प्रत्येक गोळीआधी मागचा घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. नळी साडेसात इंच. म्हणजे लांब. म्हणजे पुढच्या बाजूने जड. म्हणजे मनगट हवं.

आणि जानेवारीत पोस्टाच्या पायरीवर बर्फावरून घसरून वर्नाने उजवं मनगट मोडून घेतलं.

हाड जुळलं, आत एक पट्टी बसली, प्लास्टर निघालं. मार्चमध्ये ती मैदानावर गेली, एक फेरी खेळली, रिव्हॉल्व्हर डब्यात ठेवलं आणि म्हणाली, "आता पुरे. यापुढे मी नुसते बीन्स आणेन."

ज्या बाईने मैदानावर यायचं सोडलं, ती नंतर पत्ते खेळायला जायचं सोडते, मग चर्चच्या कॉफीला, मग खिडकीत बसून वाऱ्याने शेजाऱ्याच्या कचऱ्याचा डबा कसा गडगडत जातो ते बघते. वर्ना आठवडाभर डबा बघत होती. मी ठरवलं, तिला गुपचूप एक नवं, हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर भेट द्यायचं. मेमधल्या मोठ्या सामन्याआधी.

एवढंच. नळीची लांबी ठरवायची. दहा मिनिटांचं काम.


साडेपाच इंच

आमच्या गावातलं बंदुकांचं दुकान नळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. दोन्हीचा मालक ड्वेन ओकरलुंड, टोपणनाव गंजका खिळा. पुढे तोट्या, मागे बंदुका, मधे एक पडदा.

"वर्नाला कळता कामा नये," मी पडद्याआड कुजबुजलो.

"कॉफी, मी थडगं आहे थडगं," ड्वेन म्हणाला आणि पडद्याबाहेर ओरडला, "डायनामाइट, जरा आत ये गं! कॉफी वर्नाला रिव्हॉल्व्हर घेतोय, तिला कळता कामा नये!"

मार्सेला ट्रुहिलो आमची शेजारीण. पूर्वी पोस्टमास्तर होती, त्यामुळे गावातल्या प्रत्येकाची पाकिटं तिने पाठीकडून वाचलेली. टोपणनाव डायनामाइट मावशी. आता ती चामड्याच्या म्यानी शिवते.

"लांबी सांग," ती म्हणाली. "लांबी कळल्याशिवाय मी चामड्याला सुरी लावत नाही."

"तेच ठरवायचंय."

"त्यात ठरवायचं काय? पावणेपाच! म्यानीतून सर्रकन बाहेर येतं. बाईच्या जातीला लांब नळी म्हणजे घागऱ्यात अडकलेली काठी."

"साडेपाच," ड्वेन म्हणाला. "ना लांब, ना आखूड. जगात सगळ्यात जास्त खपते ती साडेपाच."

"तुझ्याकडे साडेपाचच पडून आहेत म्हणून!"

"पडून नाहीत. विसावलेत."

तेवढ्यात चर्चच्या तळघरातली तोटी गळते म्हणून पास्टर हॅल्व्हर्सन आले. त्यांचं टोपणनाव मी सांगणार नाही. धर्मगुरूंना शोभण्यासारखं नाही. त्यांनी वॉशर मागितला आणि नळी या विषयावर पाऊण तास बोलले. त्यांच्या मते लांब नळी हीच खरी. पुढचं टोक डोळ्यापासून जितकं दूर, तितकी चूक लवकर दिसते. "माणूस काय, रिव्हॉल्व्हर काय," ते म्हणाले, "आखूड नळी चूक लपवते."

"पण पास्टर, तिला लांब नळी पेलत नाहीये."

"मग तिने प्रार्थना करावी."

"मनगटासाठी?"

"चालतं. आमच्याकडे गुडघ्यासाठी करतात."

(इथे माझ्या गुडघ्याकडे तिघांनीही पाहिलं. मी विषय बदलला.)

मी घरी आलो तेव्हा तीन मतं होती, एकही लांबी नव्हती, आणि तोटी दुरुस्त करायला चर्चच्या तळघरात जायचं मी कबूल करून बसलो होतो. ते कसं झालं हे मला अजून कळलेलं नाही.


लाटणं, ट्राउट, विजेरी

मी मोजणारा माणूस. मत नको, माप हवं. वर्नाचं मनगट किती लांबीची, किती वजनाची वस्तू सरळ धरू शकतं हे तिला न सांगता मोजायचं ठरवलं.

सोमवारी मी तिला लाटणं दिलं. "जरा धरतेस?"

तिने धरलं. मी घड्याळ बघितलं.

मंगळवारी लांब विजेरी. बुधवारी खिडकीच्या फटी बुजवायची पिचकारी, त्यात खिडकीची एक फट खरोखरच बुजली. गुरुवारी मात्र घरात साडेसात इंची जड वस्तू उरली नाही, म्हणून मी फ्रीझरमधला ट्राउट मासा काढला.

"हे काय?" वर्ना म्हणाली.

"ट्राउट."

"ते दिसतंय. मी तो का धरलाय?"

"जरा हात लांब कर. सरळ. डोळ्यासमोर."

तिने माशाच्या शेपटीला धरून हात लांब केला. मासा गोठलेला होता, तरी हात सहाव्या-सातव्या सेकंदाला थरथरायला लागला.

"ऑरिन," ती हळूच म्हणाली, "तू घड्याळाकडे का बघतोयस?"

"वेळ बघतोय."

"किती वाजले?"

मी सेकंद काटा बघत होतो. किती वाजले हे मला खरंच सांगता आलं नाही.

वर्नाने मासा खाली ठेवला आणि माझ्याकडे फार वेळ, फार मऊ नजरेने बघितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, ही नजर मी पहिल्यांदा पाहिली. मला वाटलं, प्रेम. चुकलो. पण तेव्हा मी त्या नजरेने इतका सुखावलो, की शुक्रवारी तिला पाना धरायला दिला.


फॉर्म

शनिवारी मी कंटाळून ड्वेनला म्हणालो, "दे साडेपाच. कर कागदपत्रं. सगळ्यात जास्त खपते म्हणतोस ना, मग खपव."

आमच्याकडे दुकानातून बंदूक घ्यायची तर सरकारचा फॉर्म भरावा लागतो. मी खरा खरेदीदार आहे का, पळून आलेला गुन्हेगार आहे का, वेड्यांच्या इस्पितळात होतो का. मी नीट बसून, चष्मा पुसून, एकेक उत्तर लिहिलं. या जिल्ह्यात माझ्याइतकं स्वच्छ फॉर्म भरणारा माणूस नाही, हे विमा कंपनीने मला लेखी दिलेलं आहे. ड्वेनने माझा वाहन परवाना घेतला, फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, "जुळतंय" म्हणाला आणि सरकारला फोन लावला.

पलीकडची बाई काहीतरी म्हणाली. ड्वेनने कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा काहीतरी म्हणाली.

"म्हणतायत की असा माणूसच नाही," ड्वेनने फोनवर हात ठेवून सांगितलं.

"कसा माणूस?"

"तू."

विम्याच्या धंद्यात मला खूप काही म्हटलं गेलंय. चोर, कंपनीचा कुत्रा, ढगाचा दलाल. पण मी नाहीच, असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी फोन हिसकावून घेतला.

"बाई, मी इथे उभा आहे! टेबलाला टेकून!"

"तुमचं नाव सांगा," बाई थंडपणे म्हणाली.

"फॉर्मवर लिहिलंय!"

"फॉर्मवर आडनावाच्या रकान्यात कॉफी लिहिलंय. नावाच्या रकान्यात थंड."

मी फॉर्म पाहिला. सुंदर, गोल, वळणदार अक्षर. आडनाव: कॉफी. नाव: थंड. खाली सहीसुद्धा तीच, शेपटी काढून. ड्वेनने पडताळणी केली होती; पण तोही मला बारा महिने कॉफीच म्हणतो, त्यामुळे त्याला त्यात वावगं काहीच दिसलं नव्हतं. सरकार हसलं नाही. नवा फॉर्म भरा म्हणालं, आणि दोन नावांचा घोळ झाल्यामुळे आता चौकशीला वेळ लागेल म्हणालं.

ड्वेन म्हणाला, "मी हे कुणाला सांगणार नाही."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं: ऑरिन लिंडक्विस्ट स्वतःचं नाव विसरला.


ट्रे

आमच्या गावात कुणाकडे मोठं संकट आलं की शेजारी भाजलेल्या नूडल्सचे ट्रे आणून देतात. आत ट्युना मासा, साय, मटार, वर चुरलेले बटाट्याचे चिप्स. तळाला चिकटपट्टीवर आपलं नाव, म्हणजे ट्रे परत जाईल. माणूस गेला तर ट्रे जास्त, घर जळलं तर मध्यम, पाय मोडला तर एक-दोन. वर्नाचं मनगट मोडलं तेव्हा तीन आले होते.

रविवारी चर्चहून घरी आलो तर पायरीवर एक ट्रे होता. मार्सेलाचा. सोमवारी आणखी चार. मंगळवारी फ्रिज भरला म्हणून ते व्हरांड्यात ठेवले, आणि वारा आमच्याकडे कसा असतो ते तुम्हाला माहीत नाही, त्यामुळे शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यामागे आता नूडल्सही जायला लागले.

मी वर्नाला विचारलं, "कोण गेलं?"

ती आत निघून गेली. मी एकेक ट्रे मोजले आणि गंभीर झालो. इतके ट्रे म्हणजे नक्कीच मोठा माणूस. मी मनातल्या मनात गावातल्या म्हाताऱ्यांची उजळणी केली. सगळे धडधाकट होते.

बुधवारी पोस्टात पास्टर भेटले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रत्येक शब्द वेगळा काढून म्हणाले, "मी. पास्टर. हॅल्व्हर्सन."

"मला माहीत आहे, पास्टर."

"छान! अगदी छान!" ते म्हणाले आणि त्यांनी माझा खांदा थोपटला. ड्वेनच्या दुकानात गेलो तर तोही "छान" म्हणाला. मी दार उघडलं, छान. मी सुट्टे पैसे बरोबर दिले, वा! मी एका आठवड्यात इतका छान झालो, जितका साठ वर्षांत झालो नव्हतो. आणि सांगतो, यापेक्षा ढगाचा दलाल बरा होता. शिवी देणारा निदान तुम्हाला समोर उभा माणूस समजतो.

गुरुवारी वर्नाने पिकअपची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मला डॉक्टरांकडे नेलं.


डॉक्टर

डॉक्टर हॅलोरन नव्या आलेल्या, पूर्वेकडच्या शहरातल्या, तरुण, अतिशय शांत. वर्नाला बाहेर बसवून त्यांनी मला आत घेतलं. जे झालं ते जसंच्या तसं देतो, कारण वर्णन केलं तर तुम्ही म्हणाल मी रंगवून सांगतो.

डॉक्टर: तुमचं पूर्ण नाव?

मी: कोणतं?

(डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं.)

डॉक्टर: लोक तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारतात?

मी: थंड कॉफी. पण सरकारला ते मान्य नाही.

डॉक्टर: बरं. बाहेर बसलेल्या बाई कोण आहेत?

मी: माझी बायको.

डॉक्टर: शाब्बास. त्यांना काय म्हणतात?

मी: विधवा.

डॉक्टर: विधवा?

मी: हो.

डॉक्टर: कोणाची?

मी: अं... माझीच म्हणायची.

(डॉक्टरांनी पान उलटून पुन्हा लिहून घेतलं.)

डॉक्टर: आणि तुम्ही कसे आहात?

मी: मी ठीक आहे.

डॉक्टर: ही काय वस्तू आहे, सांगाल?

मी: पेन्सिल. पावणेपाच इंच. फारच आखूड, पुढे उसळणार.

डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला आणि वर्नाला आत बोलावलं.


पिकअप

सगळं सांगावं लागलं. मनगट, नळी, ट्राउट, फॉर्म. डॉक्टर हसू दाबून दाबून लाल झाल्या. वर्ना हसली नाही. ती उठली, डॉक्टरांचे आभार मानले, मला दंडाला धरून पिकअपमध्ये बसवलं आणि गाडी गावाबाहेर आणून रस्त्याच्या कडेला उभी केली. वाऱ्याने गाडी हलत होती.

"मला वाटलं तू चाललास," ती म्हणाली.

"कुठे?"

"डोक्यातून चाललास! रोज रात्री तू झोपलास की मी बघत होते. सकाळी उठून मला ओळखशील का म्हणून. मूर्खा! मासा दिलास रे हातात! माझ्या हातात मासा देऊन घड्याळ बघतोस!"

"सरप्राइज होतं."

"झालं ना सरप्राइज!"

तिने इंजिन बंद केलं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि मी मनगटासाठी सोडलं, हे तुला कुणी सांगितलं?"

"हात थरथरत होता तुझा."

"थरथरणारच. लोखंडाची पट्टी आहे आत. थरथरत्या हाताने मी बस चालवली असती, सवय झाली असती. मार्चमध्ये मी पाचातल्या चार गोळ्या घालवल्या. चार! आणि मागून सगळे काय ओरडले? छान, वर्ना! शाब्बास, वर्ना! पास्टरने तर टाळ्या वाजवल्या. त्या मैदानावर मी कुणाला कधी वर्ना नव्हते. मला विधवा म्हणायचे, शिव्या घालायचे, बीन्सला नावं ठेवायचे. एकदम सगळे इतके गोड झाले, की मला वाटलं मी मेलेच."

मी मार्चमध्ये नव्हतो. दक्षिणेला लवकर गारा पडल्या, तिकडे गेलो होतो. पण तिने सांगितलं तेव्हा मला ते ऐकू आलं. गेल्या आठवड्याभरात मीही ते पुष्कळ ऐकलं होतं.

"छान," मी म्हणालो.

"काय छान?"

"तसं नाही. मला कळलं, एवढंच म्हणतोय."

तिने नाक पुसलं, गाडी सुरू केली आणि गावाकडे वळवली. "चल. त्या ड्वेन नावाच्या थडग्याकडे जाऊ."


कोणतंच माप नाही

वाटेत घरी थांबून तिने वडिलांच्या रिव्हॉल्व्हरचा डबा घेतला. आम्ही दुकानात शिरलो तेव्हा पडद्याआड ड्वेन, मार्सेला आणि पास्टर असे तिघेही होते. वर्ना आत आल्याबरोबर तिघांचे चेहरे मऊ झाले.

"वर्ना, पोरी," मार्सेला म्हणाली, "कसा आहे गं तो?"

"तो ठणठणीत आहे. तुमच्या नूडल्समध्ये मीठ कमी होतं." तिने डबा काउंटरवर ठेवला. "खिळ्या, तिन्ही लांब्या काढ."

ड्वेनने तीन रिकामी रिव्हॉल्व्हरं काढून फडक्यावर मांडली. वर्नाने साडेसात उचललं, भिंतीकडे धरलं, ठेवलं. पावणेपाच उचललं. "हे खेळणं आहे." साडेपाच उचललं आणि बराच वेळ धरून ठेवलं. ड्वेनचा चेहरा उजळला. तेवढ्यात तिने तेही ठेवलं.

"हे बरं आहे. पण हे माझं नाही."

मग तिने डबा उघडला, वडिलांचं रिव्हॉल्व्हर बाहेर काढलं, गोळ्यांची सहाही घरं रिकामी आहेत ना बघितलं, आणि ड्वेनच्या कानावरचा खडू घेऊन नळीवर एक आडवी रेघ ओढली.

"इथे काप."

ड्वेनने खडू परत घ्यायला हात पुढे केला. आमच्याकडे वडिलांचं रिव्हॉल्व्हर कापणं म्हणजे काय, ते कसं सांगू? वडिलांनाच थोडं कापावं, तसं.

"अगं बाई, आयव्हरचं आहे ते!" मार्सेला म्हणाली. "तुझ्या बापाचं!"

"माझ्या बापाचं मनगट नव्हतं मोडलं."

"कापलं तर किंमत जाईल," ड्वेन म्हणाला.

"मी विकणार होते का?"

"पुन्हा जोडता येत नाही, वर्ना," पास्टर हळुवारपणे म्हणाले. "जरा शांतपणे विचार—"

"पास्टर, तुम्ही माझ्याशी हळू बोललात तर मी तुम्हाला तोटी फेकून मारीन."

ड्वेनने मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. "वर्ना, हे सहाही नाही आणि साडेसहाही नाही. मधलंच काहीतरी आहे. असं माप कुठल्याच यादीत नाही."

"उत्तम."

"माझ्या म्यानीचं काय?" मार्सेला आता मूळ आवाजात ओरडली. "मी साडेपाचची कापली ना! कॉफीने सांगितलं म्हणून!"

"मग खालून उघडी ठेव. टोक बाहेर येऊ दे."

"टोक बाहेर! लोक म्हणतील डायनामाइट मावशीला माप घेता येत नाही!"

"म्हणू देत. मला काय काय म्हणतात."

"तुला म्हणायलाच पाहिजे! बापाची नळी कापणारी बया!" मार्सेला म्हणाली, आणि वर्ना त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

मी खडूची रेघ बघत होतो. लाटणं, विजेरी, पिचकारी, मासा, पाना आणि सरकार एवढं सगळं करून जे मला सापडलं नाही, ते तिने भिंतीकडे एकदा हात लांब करून शोधलं होतं. माझ्या व्यावसायिक अभिमानाला हे लागलं, हे नाकारत नाही.

तेवढ्यात फोन वाजला. सरकारच होतं. चौकशी पूर्ण झाली, ऑरिन लिंडक्विस्ट नावाचा माणूस खरोखर आहे आणि त्याला साडेपाच इंची रिव्हॉल्व्हर विकायला हरकत नाही.

"नको म्हणून सांग," वर्ना म्हणाली.

ड्वेनने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. इतक्या खटपटीने सिद्ध झालेलं माझं अस्तित्व असं वाया गेलं.


मे

ड्वेनने नळी कापली, तोंड घासून साफ केलं, टोकावरचा नेम धरायचा खुंट पुन्हा बसवला. खालून उघड्या म्यानीतून बोटभर टोक बाहेर डोकावत होतं आणि मार्सेला दिसेल त्याला सांगत होती की ही आपली चूक नाही.

मेच्या दुसऱ्या शनिवारी वारा होता, ऊन होतं, सगळा गाव होता. कर्ण्यातून पुकारा झाला. वर्ना पुढे आली. तिने पाच गोळ्या भरल्या, चुकून बार उडू नये म्हणून घोड्याखालचं सहावं घर नेहमीसारखं रिकामं ठेवलं. समोर पाच पोलादी पाट्या. पोलादाचं बरं असतं; ते वाजतं किंवा वाजत नाही.

मोजायला आम्ही तिघे होतो. पास्टर, मार्सेला आणि मी.

तिने घोडा ओढला. पहिली गोळी पाटीवरून पार माळावर गेली. दुसरी लागली, ठण्‌. तिसऱ्या वेळी हात थरथरला, मागे लांब कुठेतरी धूळ उडाली. चौथ्या वेळी फार बारीक आवाज आला, बशीला चमचा लागावा तसा. पाचवीचा काहीच आवाज आला नाही. वर्नाने रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं आणि मागे वळली.

"चुकलेल्या?" पुकारणाऱ्याने विचारलं.

"एकही नाही," पास्टर म्हणाले.

मार्सेलाने पास्टरकडे बघितलं, वर्नाकडे बघितलं. तिचे डोळे भरले होते. "एकही नाही," ती म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दोघांचं जुळलं होतं. माझ्या आकड्याला काही किंमत नव्हती. तरी विचारलं गेलं होतं, आणि मी मोजलं होतं.

"तीन," मी म्हणालो.

मैदानावर असा आवाज झाला, की जणू मी भर सामन्यात बायकोच्या थोबाडीत मारली. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारा, त्याला मोजताही येत नाही आता." पास्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला.

वर्ना सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तीन?"

"तीन."

"मला चार वाटल्या."

"चौथी पाटीच्या कडेला घासून गेली. वाजली. अगदी बारीक."

"नक्की? का मला बरं वाटावं म्हणून?"

"वर्ना, मी आजवर कुणाला बरं वाटावं म्हणून एक दाणासुद्धा झोपलेला लिहिलेला नाही."

खरं नाव घेतलं होतं मी. भर मैदानावर. नंतर बीन्स मीच वाढले, भांडंही मीच घासलं. पण त्या वेळी ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही. वर्ना मागे वळली होती, दोन्ही हात कमरेवर ठेवून ती पास्टरांना असं काही सांगत होती, की ते त्यांना पुढच्या रविवारी चर्चमध्ये सांगता आलं नसतं. मार्सेला मध्ये पडली, तिलाही तिचा वाटा मिळाला. "आंधळी म्हातारी!" असं ऐकू आलं, आणि लगेच "नळीकापी!" असं उत्तर आलं, आणि मागच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "विधवे, तुझे बीन्स करपलेत!"

वर्ना टेबलाशी परतली. उजवं मनगट डाव्या हाताने चोळलं, रिकाम्या पुंगळ्या एकेक करून बाहेर पाडल्या, आणि नव्या गोळ्यांसाठी खिशात हात घातला.

"पाट्या पुसा," तिने पुकारणाऱ्याला सांगितलं. "पुन्हा खेळते. आणि या वेळी मोजायला फक्त हा."